तेलाच्या मार्गातील ओ-रिंग: या चुका टाळा

ओ-रिंग म्हणजे जोडातून गळती होऊ नये म्हणून खाचेत बसवलेली रबराची गोल कडी. तिची खाच रिंगच्या जाडीपेक्षा मुद्दाम उथळ ठेवलेली असते. जोड आवळला की रिंग साधारण १५ ते ३० टक्के दबते, आणि तेलाचा दाब आला की तो तिला खाचेच्या पलीकडच्या भिंतीवर रेटतो. त्यामुळे दाब वाढेल तशी ती अधिक घट्ट बसते. पंपाकडे तेल ओढून नेणाऱ्या सक्शन पाइपवर मात्र दाबाची ही मदत जवळपास मिळत नाही, तिथे रबराच्या लवचिकतेवरच सारी भिस्त असते.

हे लक्षात न घेतल्यामुळे एक इंजिन माझ्याकडे येण्यापूर्वी दोनदा उघडले गेले होते. इंजिन तापल्यावर आयडलला, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर न दाबता ते हळू चालू असताना, तेलाचा दाब कमी असल्याचा दिवा लुकलुकत असे. बाहेर एक थेंबही गळत नव्हता, म्हणून आधी जाड तेल भरून पाहिले गेले आणि नंतर पंपच बदलला गेला. मी इंजिनाच्या तळाचे तेलाचे भांडे, म्हणजे ऑइल पॅन, उतरवून सक्शन पाइपची रिंग काढली, तेव्हा ती चपटी आणि कडक झालेली होती. जराशी वाकवताच तिला तडा गेला. नव्या पंपाला जुनीच रिंग लावली होती! चपट्या रिंगमुळे राहिलेल्या फटीतून तेलाबरोबर हवा ओढली जात होती, आणि गळती आतल्या दिशेने असल्याने बाहेर काही दिसणे शक्यच नव्हते. नवी रिंग बसवताच दाब पूर्ववत झाला. उघडलेल्या जोडाची रिंग, ती दिसायला कितीही चांगली असली तरी, मी पुन्हा वापरत नाही.

दुसरी चूक म्हणजे व्यास जुळला की जाडी न मोजणे. २.१ मिमी खोल खाचेत २.६२ मिमी जाडीची रिंग सुमारे २० टक्के दबते, तर २.४ मिमीची जेमतेम साडेबारा टक्के. हा फरक डोळ्यांना दिसत नाही, म्हणून प्रत्येक रिंगला मी व्हर्नियर (जाडी मोजण्याचे साधन) लावतो. लहान रिंग ताणून बसवणे तर त्याहून वाईट, कारण ताणलेली रिंग आणखी बारीक होते.

ईपीडीएम रबर इंजिन ऑइलमध्ये फुगते, ते येथे चालत नाही. रिंग कोरडी बसवू नये. त्याच इंजिनाचे तेल बोटाने लावावे. जुनी रिंग स्क्रू ड्रायव्हरने उचकटू नये, खाचेवरचा ओरखडा नव्या रिंगने भरून निघत नाही. आणि घाईच्या कामात रिंगवर सिलिकॉन सीलंट थापण्याची सवय तर पूर्ण सोडावी: आतल्या बाजूला आलेले त्याचे तुकडे सुटून पंपाच्या जाळीवर जमतात, आणि बेअरिंगला तेल कमी पडू लागते.