चुकीच्या इंधनामुळे मंदावलेली टू-स्ट्रोक आउटबोर्ड मोटर पूर्ववत कशी करावी

आउटबोर्ड मोटर, म्हणजे बोटीच्या मागच्या बाजूला बाहेरून बसवलेले इंजिन, दोन-चार ओढींत सुरू होते, न्यूट्रलमध्ये बरी चालते, पण गिअर टाकून रेस वाढवली की दबते, धूर सोडते आणि बोट वेग घेत नाही. ही तक्रार नवे इंधन भरल्यानंतर लगेच सुरू झाली असेल, तर बिघाड इंजिनात शोधण्याआधी पेट्रोलच्या डब्यात शोधावा. रामटेकजवळच्या खिंडसी तलावावर पर्यटकांना फिरवणारी बोट असो, गोसीखुर्दच्या जलाशयातली मासेमारीची नाव असो किंवा बचाव पथकाची रबरी बोट असो, या इंजिनाची ताकद टाकीतल्या मिश्रणावर अवलंबून असते. २३ सप्टेंबर २०२३च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून नागपूरच्या वस्त्यांमध्ये पाणी शिरले, तेव्हा माणसांना बोटींतून बाहेर काढावे लागले होते. एरवी गोदामात पडून असलेल्या इंजिनाने अशा वेळी पूर्ण ताकद द्यायला हवी असेल, तर त्याच्या इंधनाबाबत अंदाजाने वागता येत नाही.

आधी चूक कोणती ते ठरवावे

इंजिन ताबडतोब बंद करावे आणि पुन्हापुन्हा दोरी ओढू नये. टू-स्ट्रोक इंजिनात क्रँक, बेअरिंग आणि पिस्टन यांना वंगण मिळते ते पेट्रोलमध्ये मिसळलेल्या ऑइलमधूनच. म्हणून ऑइल जास्त पडणे आणि ऑइल मुळीच न पडणे या दोन चुकांचे परिणाम अगदी वेगळे आहेत आणि त्यांवरचे उपायही वेगळे आहेत.

सर्वांत जास्त घडणारी चूक प्रमाणाच्या वाचनात होते. ५०:१ म्हणजे ५० भाग पेट्रोलला १ भाग ऑइल, अर्थात एका लिटरला २० मिली. हा आकडा ‘लिटरला ५० मिली’ असा वाचला, तर मिश्रण प्रत्यक्षात २०:१ होते. इंजिन निळसर धूर सोडते, प्लग ओला होतो आणि पिकअप जातो. ज्या इंजिनांत ऑइलची वेगळी टाकी असते, त्यांच्या पेट्रोलमध्येही सवयीने ऑइल मिसळले गेले, तर मात्रा अशीच वाढते.

दुसरी चूक ऑइलच्या प्रकाराची असते. जुन्या टू-स्ट्रोक स्कूटरांमुळे टू-टी ऑइल हे नाव आपल्याकडे घरोघरी माहीत आहे. पण ते हवेने थंड होणाऱ्या, जास्त तापणाऱ्या इंजिनांसाठी बनवलेले असते. पाण्याने थंड होणाऱ्या आउटबोर्डसाठी डब्यावर टीसी-डब्ल्यू३ असे लिहिलेले ऑइल घ्यावे. मोटारीचे फोर-स्ट्रोक इंजिन ऑइल तर यात कधीच घालू नये, कारण ते जळण्यासाठी बनवलेलेच नसते आणि त्याची काजळी प्लगवर व पिस्टनच्या रिंगांत साठते.

तिसरी शक्यता डिझेल, रॉकेल किंवा पाणी मिसळले जाण्याची. टाकीच्या तळातले थोडे इंधन स्वच्छ, पारदर्शक काचेच्या बाटलीत काढून सावलीत अर्धा तास स्थिर ठेवावे. खाली वेगळा थर दिसला, तर पाणी आहे. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि ते हवेतील ओलावा ओढून घेते. पाण्याचे प्रमाण एका मर्यादेपलीकडे गेले की पाणी आणि इथेनॉल एकत्र होऊन तळाशी बसतात, तर ऑइल वरच्या पेट्रोलमध्येच राहते. टाकीची नळी तळातून ओढत असल्याने इंजिनाला वंगणाविना असलेला थर आधी मिळतो. म्हणजे असा थर दिसला, तर प्रश्न केवळ मंद चालण्याचा राहत नाही.

डिझेलची शंका असेल, तर टिपकागदावर एक थेंब टाकावा आणि शेजारी खात्रीच्या, योग्य प्रमाणातील मिश्रणाचा थेंब टाकावा. ऑइलमुळे चांगल्या मिश्रणाचाही फिका डाग उरतो, म्हणून तुलना आवश्यक आहे. संशयित थेंबाचा डाग बराच मोठा, तेलकट आणि न वाळणारा असेल, तर ते इंधन इंजिनात पुन्हा जाऊ देऊ नये.

इंधनाचा सारा मार्ग रिकामा करावा

हे काम मोकळ्या हवेत आणि सावलीत करावे. नागपूरच्या मे महिन्याच्या उन्हात पेट्रोलची वाफ किती वेगाने उठते हे सांगायला नको. बिडी, मोबाइल चार्जर, वेल्डिंग असे ठिणगीचे कोणतेही कारण जवळ नसावे.

केवळ टाकी ओतून भागत नाही, कारण चुकीचे मिश्रण नळीत, नळीवरच्या रबरी हातपंपात, फिल्टरमध्ये आणि कार्बोरेटरच्या वाटीतही असते. नळी इंजिनापासून सोडवून हातपंप दाबत ती रिकामी करावी, फिल्टर काढून धुवावा किंवा बदलावा आणि वाटीच्या तळाचा स्क्रू सैल करून तिच्यातले इंधन भांड्यात घ्यावे. टाकीत चांगले पेट्रोल थोडेसे घालून हलवावे व तेही काढून टाकावे. नळी आतून फुगलेली किंवा कडक झालेली आढळली, तर ती बदलावी; इंधनपंपाचा रबरी पडदाही त्याच वेळी पाहून घ्यावा.

प्लग काय सांगतो

किल स्विचची (इंजिन बंद करणाऱ्या बटणाची) क्लिप काढून, प्लग बाहेर काढावेत आणि कोणता प्लग कोणत्या सिलिंडरचा हे लक्षात ठेवावे. ओला, काळा आणि तेलकट प्लग जास्त ऑइल किंवा न जळलेले इंधन दाखवतो. तपकिरी रंग निरोगी ज्वलनाची खूण आहे. पांढरट, फोड आल्यासारखे टोक आणि त्यावर धातूचे बारीक चमकते कण दिसले, तर पुढे जाऊ नये, कारण ते कण पिस्टनचे असू शकतात.

ऑइलविना पेट्रोलवर इंजिन चालले असल्यास प्रत्येक प्लगच्या छिद्रातून चहाचा एक चमचा टू-स्ट्रोक ऑइल सोडावे आणि दोरी अगदी सावकाश ओढून पाहावी. हाताला अडखळ किंवा घासण्याची जाणीव झाली, अथवा टॉर्चच्या उजेडात सिलिंडरच्या भिंतीवर उभे ओरखडे दिसले, तर ते इंजिन जाणकार मेकॅनिककडेच न्यावे. दोन सिलिंडरांच्या इंजिनात दोन्ही सिलिंडरांतला दाब कॉम्प्रेशन गेजने मोजावा. मूळ आकडा मॉडेलनुसार बदलतो, पण दोहोंतला फरक १० ते १५ टक्क्यांहून जास्त असणे चांगले लक्षण नाही.

सिलिंडर ओला असेल, तर प्लग बाहेर ठेवूनच थ्रॉटल पूर्ण उघडून काही वेळा दोरी ओढावी, म्हणजे साठलेले इंधन बाहेर पडेल. प्लगच्या वायरीची टोके इंजिनाच्या धातूला टेकवलेली असावीत आणि पेट्रोलचे भांडे दूर असावे. शक्यतो मॅन्युअलमध्ये दिलेल्या क्रमांकाचे नवे प्लग बसवावेत. तेलाने भिजलेले जुने प्लग पुसून वापरले, तर ते भाराखाली पुन्हा मिसिंग करू शकतात.

या टप्प्यावर कार्बोरेटरच्या स्क्रूला हात लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. इंजिन काल नीट चालत होते आणि आज केवळ इंधन बदलले. तेव्हा स्क्रू फिरवून आपण एका चुकीवर दुसरी चूक चढवतो आणि नंतर मूळ कारण सापडेनासे होते.

नवे मिश्रण आणि पाण्यातील चाचणी

ताज्या पेट्रोलमध्ये, मॅन्युअलमधील प्रमाणानुसार, मापाच्या भांड्याने ऑइल मोजून घालावे. ५०:१ असेल तर १० लिटरला २०० मिली, २५:१ असेल तर ४०० मिली. आधी अर्धे पेट्रोल घ्यावे, त्यात सारे ऑइल घालून डबा हलवावा आणि मग उरलेले पेट्रोल ओतावे.

मोटर कोरडी कधीही चालवू नये, कारण पाण्याच्या पंपातले रबरी इम्पेलर अल्पावधीत जळते. पाण्याने भरलेल्या मोठ्या ड्रममध्ये, पंख्याच्या वरची आडवी पट्टी बुडेल अशी ती बसवावी आणि सुरू झाल्यावर थंडाव्याच्या पाण्याची बारीक धार बाहेर येते का ते पाहावे. पहिली काही मिनिटे धूर राहील. आत बसलेले ऑइल जळून तो कमी होत जातो.

खरी परीक्षा मात्र तलावात, भाराखालीच होते. तेथेही इंजिन दबत असेल, तर ते दबत असताना सोबत्याने हातपंप दाबावा. त्याने वेग वाढला, तर इंधनपंप कमजोर आहे किंवा नळीत हवा शिरते आहे. चोक किंचित ओढल्यावर इंजिन सुधारले, तर त्याला पेट्रोल कमी मिळते आहे, बहुधा जेट, म्हणजे कार्बोरेटरमधली पेट्रोल सोडणारी बारीक छिद्राची नळी, तुंबला आहे. चोकने अधिक बिघडले, तर पेट्रोल जास्त जाते आहे. तुंबलेला जेट कार्बोरेटर क्लीनरने आणि हवेच्या दाबाने साफ करावा, त्यात तार घालू नये, कारण छिद्र जराही मोठे झाले की प्रमाण कायमचे बदलते. टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू बंद राहिला किंवा पंख्यात जलपर्णी अडकली, तरी लक्षणे हुबेहूब अशीच दिसतात; त्या दोन्ही गोष्टी जेट काढण्याआधी पाहाव्यात.

काढलेल्या इंधनाचे काय करावे

फक्त ऑइल जास्त पडलेले स्वच्छ मिश्रण वाया जात नाही. १० लिटर पेट्रोलमध्ये ५०० मिली ऑइल पडले असेल, तर त्यात आणखी १५ लिटर पेट्रोल मिसळल्यावर ते ५०:१ होते. ऑइलचा प्रकार योग्य असेल, तरच हे करावे. पाणी, डिझेल किंवा रॉकेल मिसळलेले इंधन मात्र झाकणाच्या धातूच्या डब्यात भरून, त्यावर तसे लिहून, वापरलेले ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजला विचारून सोपवावे. ते काठावर किंवा नालीत ओतू नये. आपल्या नाल्या नाग नदीला मिळतात आणि ते पाणी पुढे कन्हान व वैनगंगेतून गोसीखुर्दच्या जलाशयात, म्हणजे मासेमारांच्या जाळ्यांपर्यंत पोहोचते.