नवरा अमेरिकी सैन्यात, बायको ठाण्यात : व्हिसाची कागदपत्रं कशी जमवावीत

अमेरिकी सैनिकाशी लग्न झालं म्हणून व्हिसा आपोआप येत नाही, आणि सैनिकांच्या बायकांसाठी वेगळा व्हिसाही नसतो. घोडबंदर रोडवरच्या किंवा खारघरच्या मुलीला तोच रस्ता आहे, जो कुठल्याही अमेरिकी नागरिकाच्या बायकोला असतो : आधी नवऱ्याचा अर्ज, मग नॅशनल व्हिसा सेंटर (शुल्क आणि कागद गोळा करून तपासणारं अमेरिकी कार्यालय), मग मुंबईची मुलाखत. सैन्यामुळे वाटेत तीन-चार सवलती मिळतात, पण बहुतेक मागितल्याशिवाय कोणी देत नाही. (बायको सैन्यात आणि नवरा ठाण्यात असेल तरी नियम तेच. इथे सोयीसाठी नवरा सैनिक धरला आहे.)

अडचण मात्र बहुतेकदा अमेरिकेच्या बाजूला नसते. प्रकरण अडतं ते ठाण्याच्या बाजूच्या कागदांवर, नाहीतर नवरा मोहिमेवर गेल्यावर ज्याची सही मिळत नाही अशा एखाद्या फॉर्मवर. म्हणून नवऱ्याचं नागरिकत्व बघून लगेच या दोन गोष्टी.

नवरा नागरिक आहे की ग्रीन कार्डधारक?

अमेरिकेच्या सैन्यात ग्रीन कार्डवरही भरती होता येतं. अमेरिकेत वाढलेली काही भारतीय मुलं अशी भरती होतात. नवरा नागरिक असेल तर बायको ‘इमिजिएट रिलेटिव्ह’ ठरते आणि व्हिसाच्या कोट्याची रांग नसते. ग्रीन कार्डवर असेल तर ती ‘एफ-२ए’ वर्गात जाते आणि दर महिन्याच्या व्हिसा बुलेटिनमधल्या तारखेकडे डोळे लावून बसावं लागतं.

अशा वेळी आधी नवऱ्याचं नागरिकत्व करून घ्यावं. ११ सप्टेंबर २००१ पासूनचा काळ कायद्याने युद्धकाळ धरलेला असल्याने सैनिकाला इतरांसारखी पाच वर्षं थांबावं लागत नाही. एन-४०० हा नागरिकत्वाचा अर्ज त्याला मोफत आहे. सोबत सेवेचा दाखला म्हणून एन-४२६ जोडावा लागतो आणि त्यावर सैन्याकडून सही-शिक्का घ्यावा लागतो. बायकोचा अर्ज आधीच केला असेल तर तो फुकट जात नाही. नागरिकत्वाचं प्रमाणपत्र पाठवलं की तोच अर्ज वरच्या वर्गात सरकतो. पण मुलं असतील तर सावध राहा. एफ-२ए मध्ये मुलं आईच्या अर्जावर येतात, इमिजिएट रिलेटिव्हमध्ये येत नाहीत. मग प्रत्येक मुलासाठी वेगळा आय-१३० (नवऱ्याने नातलगासाठी करायचा अर्ज) लागतो.

ठाण्याचे कागद : सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

पहिला प्रश्न नावाचा. आपल्याकडे लग्नानंतर आडनावाबरोबर मधलं नावही बदलतं, आणि काही घरांत पहिलंही. दाखल्यावर ‘सुप्रिया रमेश कदम’, पासपोर्टवर ‘सुप्रिया अमेय देसाई’, बँकेत ‘सुप्रिया आर. कदम’. अमेरिकी अधिकाऱ्याच्या दृष्टीने या तीन बायका आहेत. उपाय असा : अर्जात पासपोर्टवरचं नाव जसंच्या तसं लिहायचं आणि बाकीची सगळी नावं ‘अदर नेम्स यूज्ड’ या रकान्यात न विसरता द्यायची. पासपोर्ट माहेरच्या नावाचा असेल तर तो तसाच राहू द्या. नाव बदलायची सक्ती अमेरिका करत नाही. बदलायचंच असेल तर अर्जाच्या आधी बदला. मध्येच नवा पासपोर्ट काढला की अर्ज, पोलिस दाखला आणि मुलाखतीचं पत्र यांत नावं जुळेनाशी होतात.

दुसरा प्रश्न जन्मदाखल्याचा. तो पालिकेचा हवा, हॉस्पिटलचा चालत नाही. जिथे जन्म झाला त्या ठिकाणच्या कार्यालयात नोंद असते, राहत्या पत्त्यावर नाही. ठाणे महापालिका १९८२ ची, नवी मुंबईची १९९२ ची, पनवेलची २०१६ ची. त्याआधीचा जन्म असेल तर जुनी नोंद नगरपालिकेकडे किंवा ग्रामपंचायतीकडे झालेली असू शकते, तेव्हा शोध त्या हिशेबाने सुरू करा. बारशाच्या आधीच नोंद झाल्यामुळे पुष्कळ जुन्या दाखल्यांवर बाळाच्या नावाची जागा रिकामी असते. असा दाखला पाठवू नका, आधी नाव नोंदवून नवी प्रत घ्या. जन्मानंतर वर्षभराने किंवा त्याहून उशिरा नोंद झाली असेल तर शाळा सोडल्याचा दाखला आणि आईवडिलांची प्रतिज्ञापत्रं जोडावीत. नोंद मुळातच नसेल तर पालिकेकडून ‘नोंद उपलब्ध नाही’ असा दाखला घेऊन हेच पुरावे द्यावेत. शाळेने सर्रास लावलेली १ जून ही जन्मतारीख आणि पालिकेतली खरी तारीख यांत फरक असेल तर तो मुलाखतीआधी मिटवा. मुलाखतीच्या खिडकीवर त्याचा खुलासा करत बसणं जड जातं.

तिसरा कागद लग्नाचा. हॉलचं किंवा मंदिराचं प्रमाणपत्र पुरत नाही, विवाह निबंधकाचं लागतं. महाराष्ट्रात नमुना ‘ड’ मध्ये ज्ञापन देऊन नमुना ‘ई’ मध्ये प्रमाणपत्र मिळतं. पालिकेच्या प्रभाग किंवा विभाग कार्यालयात पती-पत्नी आणि तीन साक्षीदारांनी हजर राहायचं असतं. म्हणून नवरा रजेवर असतानाच हे उरका. सत्यनारायण नंतरही होतो, नोंदणी पुढच्या रजेपर्यंत लांबते. प्रमाणपत्राच्या जादा प्रमाणित प्रती काढून दोन नवऱ्याबरोबर द्या, त्याला तिकडे लगेच लागतात.

नवरा दुसऱ्या धर्माचा असेल आणि विशेष विवाह कायद्याखाली (१९५४) लग्न करायचं असेल तर हिशेब वेगळा. दोघांपैकी एकाने त्या जिल्ह्यात नोटिशीआधी सलग ३० दिवस राहिलेलं असावं लागतं. ही अट मुलीच्या पत्त्यावर पुरी होते. नोटिशीनंतर हरकतींसाठी ३० दिवसांची मुदत, आणि नोटिशीपासून तीन महिन्यांत लग्न. अमेरिकी सैनिकाला रजा महिन्याला अडीच दिवस, म्हणजे वर्षाला ३० दिवस जमते. विमानाने उतरल्यावर विचार सुरू केला तर ती पुरत नाही. आणखी एक : वाशी, नेरूळ, ऐरोली ठाणे जिल्ह्यात आहेत, पण खारघर, कामोठे, पनवेल रायगड जिल्ह्यात. पत्ता ‘नवी मुंबई’ असला म्हणून ठाण्याच्या विवाह अधिकाऱ्याकडे जाऊन उपयोग नाही.

अपोस्टील (कागद परदेशात चालावा म्हणून त्यावर घेतलेला सरकारी शिक्का) करून देणाऱ्या एजंटांना या कामासाठी पैसे देऊ नका. अमेरिकी व्हिसाला त्याची गरज नसते. मराठी कागदाला इंग्रजी भाषांतर मात्र हवं, आणि त्याखाली भाषांतरकाराने ‘भाषांतर पूर्ण व अचूक आहे, मला दोन्ही भाषा येतात’ असं इंग्रजीत लिहून सही करायची. नोटरीची सक्ती नाही.

नवरा मोहिमेवर जाण्याआधी

त्याच्याकडून घ्यायच्या गोष्टी अशा : आय-१३० वरची सही, आर्थिक हमीच्या आय-८६४ वरची हाताने केलेली सही, नागरिकत्वाच्या पुराव्याची प्रत, पहिलं लग्न झालं असेल तर घटस्फोटाचा हुकूम, शेवटची कर विवरणपत्रं आणि पगारपत्रक, ज्याला तिकडे ‘एलईएस’ म्हणतात. त्याने बायकोची नोंद ‘डीअर्स’ या लष्करी कुटुंब-नोंदणीत करावी. ती भारतात असली आणि सोशल सिक्युरिटी नंबर नसला तरी ही नोंद होते. त्यावर ट्रायकेअरचा आरोग्यविमा आणि घरभाड्याचा वाढीव भत्ता अवलंबून असतो. आयुर्विम्याचा वारस (एसजीएलआय) आणि आणीबाणी संपर्काचा डीडी-९३ हे दोन्ही बायकोच्या नावे असतील तर नातं खरं असल्याचा पुरावा म्हणूनही वजन पडतं. सुरक्षा मंजुरी असलेल्या सैनिकाने परदेशी व्यक्तीशी लग्न ठरल्याचं आपल्या सुरक्षा अधिकाऱ्याला आधीच कळवायचं असतं. ते राहिलं तर व्हिसाला नव्हे, त्याच्या नोकरीला त्रास होतो.

आय-१३०

हा अर्ज नवरा करतो, ऑनलाइन केलेला बरा. एप्रिल २०२४ पासून शुल्क ऑनलाइन ६२५ डॉलर, कागदी ६७५. भरण्याआधी अधिकृत संकेतस्थळावर चालू दर बघा. बायकोची माहिती आय-१३०ए मध्ये. दोघांचे २ × २ इंचाचे फोटो. बायकोचं नाव-पत्ता तिच्या लिपीत मागणारा रकाना बरेच जण रिकामा सोडतात, तिथे देवनागरीत लिहा. ‘एकत्र राहिलेला शेवटचा पत्ता’ नसेल तर नाही म्हणा, नवीन जोडप्याला ते शोभतं. खोटा पत्ता मात्र पुढे अंगाशी येतो.

ठरवून झालेल्या लग्नात पुराव्याचा प्रश्न पडतो : भेटी दोन, एकत्र दिवस पंधरा. त्यासाठी लग्नपत्रिका, साखरपुड्यापासून सासरच्या पूजेपर्यंतचे पंधरा-वीस फोटो (प्रत्येकाखाली तारीख, ठिकाण आणि कोण कोण आहे ते), त्याचा रजेचा मंजूर अर्ज, बोर्डिंग पास, पासपोर्टवरचे शिक्के, बँकेतून आलेले पैसे. चारशे फोटोंचा गठ्ठा कोणी बघत नाही. व्हॉट्सॲपची महिन्याला एक-दोन पानं पुरतात, आणि ती देताना त्याची तुकडी, तळ किंवा हालचालीच्या तारखा असलेली पानं काढून टाका.

मोहिमेचा हुकूम हातात असेल तर प्रकरण लवकर घेण्याची विनंती करता येते. हुकुमाची प्रत जोडावी लागते. सैनिकांसाठी यूएससीआयएसची (हे अर्ज हाताळणाऱ्या अमेरिकी खात्याची) वेगळी मदतवाहिनी आहे, अमेरिकेतून १-८७७-२४७-४६४५. विनंती मान्य होईलच असं नाही, तरी करावी. बदली झाली की नवा पत्ता लगेच कळवायचा. जुन्या तळावर गेलेलं पत्र हातात पडेपर्यंत उत्तराची मुदत टळलेली असते.

नवरा जर्मनी, जपान किंवा कोरियातल्या अमेरिकी तळावर असेल तर तिथल्या दूतावासात थेट आय-१३० देण्याची मुभा असू शकते. पण तिथे राहायला त्या देशाची परवानगी आणि सैन्याचं ‘कमांड स्पॉन्सरशिप’ (कुटुंबाला तळावर सोबत ठेवायची मंजुरी) वेगळं लागतं. अमेरिकेचा व्हिसा असला म्हणून जर्मनीत राहता येत नाही.

नॅशनल व्हिसा सेंटर

आय-१३० मंजूर झाला की ‘बीएमबी’ने सुरू होणारा केस नंबर येतो, म्हणजे मुंबई. शुल्क व्हिसा अर्जाचं ३२५ आणि आर्थिक हमीचं १२० डॉलर. डीएस-२६० या ऑनलाइन व्हिसा अर्जामध्ये सोळाव्या वर्षापासूनचे सगळे पत्ते आणि पाच वर्षांतली समाजमाध्यमांची खाती विचारतात. सोशल सिक्युरिटी नंबर हवा का, याला ‘हो’ म्हणा. वर्षभर या सेंटरशी काहीच संपर्क केला नाही तर नोंदणी रद्द होऊ शकते.

आय-८६४ मध्ये सैनिकांची खरी सवलत आहे. इतरांना दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्के उत्पन्न दाखवावं लागतं, सेवेतल्या सैनिकाला बायकामुलांसाठी १०० टक्के. दोन माणसांच्या घराला २०२५ च्या तक्त्यात ते २१,१५० डॉलर, तेव्हा अगदी नवख्या शिपायाचा मूळ पगारही पुरतो. घोटाळा होतो तो कर विवरणपत्रात. युद्धक्षेत्रातला पगार करमुक्त असल्याने तिथे उत्पन्न कमी दिसतं. डब्ल्यू-२ च्या (वर्षाच्या पगाराचा करासाठीचा दाखला) १२ व्या चौकटीत ‘क्यू’ खाली तो असतो, त्याकडे बोट दाखवा आणि पगारपत्रकं जोडा. नवरा परदेशात तैनात असेल तर हुकुमाची प्रतही द्या, म्हणजे अमेरिकेतल्या वास्तव्याचा प्रश्न निघत नाही.

पोलिस दाखला पासपोर्ट सेवेच्या संकेतस्थळावरून, शुल्क ५०० रुपये. ठाण्यात केंद्र वागळे इस्टेटला आहे. स्थानिक पोलिस ठाण्याच्या चिठ्ठीवर भागत नाही. पासपोर्टवरचा पत्ता जुना असेल तर चौकशीसाठी घरी कोणीतरी असू द्या. सोळाव्या वर्षानंतर दुबईत किंवा कुठेही १२ महिने राहिला असाल तर तिथलाही दाखला हवा.

वैद्यकीय तपासणी आणि मुलाखत

तपासणी कॉन्सुलेटने नेमलेल्या डॉक्टरांकडेच. लसींची जुनी कार्डं न्या, नाहीतर त्याच लसी पुन्हा टोचतात. छातीच्या एक्स-रेत क्षयाची शंका आली तर थुंकीचे नमुने आणि आठ आठवड्यांचं कल्चर (नमुन्यात जंतू वाढतात का हे बघणारी चाचणी) ठरलेलं. म्हणून विमानाचं तिकीट आणि ठाण्यातल्या नोकरीचा राजीनामा व्हिसा हातात पडेपर्यंत नको.

मुलाखत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या कॉन्सुलेटमध्ये. मोबाइल आत नेता येत नाही, तो घरच्यांकडे ठेवा. नवऱ्याने हजर राहायची गरज नाही. मूळ कागद सगळे न्या. मराठीतून मुलाखत हवी असेल तर तसं आधी विचारा. त्याची नोकरी नेमकी काय, दीर आहे की नणंद, लग्न कुणी जमवलं, असे साधे प्रश्न असतात. तो कुठे तैनात आहे हे माहीत नसेल तर ‘त्याला सांगता येत नाही’ हे उत्तर चालतं.

कुणी ‘मिलिटरी कोटा’ सांगून पैसे मागितले तर तो ठग समजा. ऑनलाइन ओळख झालेला ‘सैनिक’ रजेसाठी किंवा लग्नाच्या परवानगीसाठी पैसे मागत असेल तर तोही. अमेरिकी सैन्य यासाठी एक पैसा घेत नाही.

व्हिसा मिळाल्यावर

निघण्याआधी २३५ डॉलर इमिग्रंट फी भरा. सीलबंद पाकीट दिलं असेल तर फोडू नका. अमेरिकेत उतरताना लग्नाला दोन वर्षं झाली नसतील तर ग्रीन कार्ड दोनच वर्षांचं मिळतं. ते संपण्याआधीच्या ९० दिवसांत दोघांनी आय-७५१ हा ती दोन वर्षांची अट काढण्याचा अर्ज द्यायचा, आणि नवऱ्याची मोहीम त्याच काळात येत असेल तर सही आधीच घेऊन ठेवायची. पुढे त्याची नेमणूक परदेशी तळावर झाली आणि हुकुमात बायकोचं नाव असलं, तर अमेरिकेच्या इमिग्रेशन कायद्याच्या कलम ३१९(बी) खाली तिला राहण्याच्या वर्षांची अट न लागता नागरिकत्वाचा अर्ज करता येतो. त्यासाठी डीडी-१२७८ हा फॉर्म त्याच्या तळावरून मिळतो.