दप्तरातला विळा

दिवाळीच्या सुट्टीनंतर आठवीतली एक मुलगी तास सुटल्यावर मागे थांबली. सगळ्या गेल्यावर तिनं दप्तरातून वर्तमानपत्रात गुंडाळलेला विळा काढला. "ताई, माह्या बापानं देल्ला. म्हने, बस चुकली तं पांदणीनं या लागते, संगं ठेवत जाय."

मुलींसाठीची मानव विकास कार्यक्रमाची निळी बस चुकली, की तिला पांदणीनं, म्हणजे शेतांमधल्या कच्च्या वाटेनं, अडीच किलोमीटर पायी जावं लागतं. दोन्ही बाजूंना तूर डोक्याच्या वर गेलेली असते. बापाची काळजी खरी होती, तिची भीतीही खरी होती. मी म्हटलं, "विळा परत ठेव. आता मी तुझा हात धरते, तू काढून दाखव." दप्तराच्या पट्ट्यासकट मी तिचं उजवं मनगट धरलं. डाव्या हातानं ती चेन शोधू लागली. चेन अर्ध्यावर अडकली, वर जेवणाचा डबा होता, विळा दोन वह्यांच्या मध्ये. मी मनात आकडे मोजत होते. अकरावर वर्तमानपत्राचं टोक हाताला लागलं. मूठ बापाच्या पंजाच्या मापाची, तिच्या हातात नीट बसेना.

यवतमाळ जिल्ह्यातल्या गावांमधून मी बारा वर्षं स्वसंरक्षण शिकवते. शिकायला येणाऱ्या मुली असोत, नाहीतर पुढं प्रशिक्षक व्हायचं म्हणून आलेल्या असोत, पहिला प्रश्न ठरलेला असतो : जवळ काय ठेवू? माझं उत्तर इथंच सांगते. आधी मोकळ्या हातांनी शिका, हत्याराचा विचार त्यानंतर करा.

हे मी पुस्तकातून घेतलेलं नाही. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना मी बटणाचा चाकू पर्समध्ये ठेवायची. वर्षभर त्याच्या भरवशावर रात्रीच्या एसटीनं ये-जा केली. एका संध्याकाळी फाट्यावर एकानं दंड धरला, तेव्हा चाकू जवळ आहे हे मला आठवलंच नाही. पाय जागेवर रुतले, तोंडातून आवाज फुटेना. चहाच्या टपरीवरच्या एका बाईनं हाक मारली, "कोन व्हय रे तो?" आणि तो निघून गेला. चाकू घरी आल्यावर पर्समध्ये दिसला. त्यानंतर मी अमरावतीला जुदो शिकायला लागले. तिथल्या व्यायामाच्या परंपरेला शतक उलटून गेलंय. हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ चं, आणि त्यांच्या पथकानं १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी आपले देशी खेळ करून दाखवले होते. आपल्या भागात शिकण्यासारखं काही नाही, असं कोणी म्हटलं की मला वाईट वाटतं.

चाकूबद्दल माझ्या वर्गात एक सराव असतो, तो तुम्हीही करून बघा. एकीनं जुना पांढरा सदरा घालायचा. दुसरीनं लाकडी पट्टीच्या कडेला ओलं कुंकू लावून वीस सेकंद मनाला येईल तसे वार करायचे. सदरेवालीनं पट्टी हिसकावून घ्यायची. पहिल्यांदा केलं तेव्हा माझ्या सदऱ्यावर सात रेघा उठल्या होत्या. दोन पोटावर, एक गळ्याच्या अगदी खाली, बाकीच्या हातांवर. तेव्हा जुदो शिकून मला सहा वर्षं झाली होती. मोबाईलवर दिसणारे चाकू हिसकावण्याचे सफाईदार डाव त्या दिवसापासून मी शिकवणं बंद केलं. समोर चाकू दिसला तर पैसे, पर्स, मोबाईल फेकायचं आणि पळायचं. आणि हेही लक्षात घ्या, की आपण बाळगलेला चाकू हिसकला गेला तर त्या रेघा आपल्या अंगावर उठणार आहेत.

अंतराचं गणितही असंच आहे. अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीचे पोलीस सार्जंट डेनिस ट्युलर यांनी १९८३ मध्ये मांडलं, की चाकू घेतलेला माणूस २१ फूट साधारण दीड सेकंदात कापतो. एकवीस फूट म्हणजे आपली सातेक पावलं. कमरेला पिस्तूल लावलेल्या पोलिसाला ते काढायला जिथं एवढाच वेळ मिळतो, तिथं डब्याखालच्या विळ्याचं काय होणार? मिरचीपूड आणि स्प्रेचंही तेच. हातात तयार असेल तर उपयोग आहे, पण पूड वाऱ्याच्या विरुद्ध उडवली तर आपल्याच डोळ्यांत येते. स्प्रे घ्यायचाच असेल तर दोन घ्या आणि एक सरावात संपवा.

आता कायदा. बापांनी आणि भावांनी तर हे जरूर वाचावं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे, तिच्या कलम ३४ ते ४४ मध्ये खासगी बचावाचा हक्क आहे. हल्ल्याची खरीखुरी भीती वाटली तिथून हा हक्क सुरू होतो, भीती आहे तोवर चालतो. बलात्कार, अपहरण, ॲसिडहल्ला यांच्यापासून वाचताना हल्लेखोराचा जीव गेला तरी कायदा बचाव मानतो. पण गरजेपेक्षा जास्त इजा करता येत नाही. तो पडला, पळाला, आणि तुम्ही पाठलाग करून मारलं, की आरोपी तुम्ही. आपण बचावच करत होतो, हे कोर्टात दाखवायचं ओझंही आपल्यावरच येतं. शस्त्र नियमांत नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याचा चाकू, तलवार, गुप्ती यांना परवाना लागू शकतो. शेतीची, घरची अवजारं त्यातून वगळली आहेत. म्हणून वावरात विळा, कुऱ्हाड चालते. मात्र सणावाराला, निवडणुकीला महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली आदेश निघतो, तेव्हा रस्त्यानं काठी नेणंही गुन्हा ठरू शकतं.

काठी मी शिकवते, पण दुसऱ्या वर्षाला. घरोघरी असते, अंतर राखते, आणि रात्री पीक राखायला, जागलीला जाणाऱ्या बाईला रानडुकरासमोर तिचाच आधार. ज्या शिवारात वाघ फिरतो तिथं मात्र गटानं, बोलत जावं. मोहफुलं वेचताना एकीनं उभं राहून नजर ठेवावी, कारण वाकलेल्या माणसाला धोका जास्त असतो.

पण सगळ्यात जड गोष्ट वेगळीच आहे. पोलिसांच्या नोंदी वर्षानुवर्षं सांगतात, की बलात्काराच्या बहुतेक गुन्ह्यांत आरोपी ओळखीचा असतो. तो नात्यातला, शेजारचा, रोज ऑटोत बसवणारा. त्याच्यासमोर कोणती मुलगी चाकू काढेल? तिथं लागतो तो पहिल्याच वेळी मोठ्यानं म्हटलेला "हात काढा, काका." हे तीन शब्द म्हणायला माझ्या मुलींना मनगट सोडवण्यापेक्षा जास्त दिवस लागतात. काही जणी रडतात. मी घाई करत नाही.

शिकायला निघालात तर पहिल्या महिन्यात एवढंच मागा : उभं राहणं, ओरडणं, पडणं आणि धरलेला हात सोडवणं. धरणाऱ्याचा अंगठा आणि बोटं जिथं भेटतात तिथं पकड कच्ची असते. मनगटाची अरुंद कड त्या फटीकडं वळवायची, कोपर पुढं घालायचं आणि अख्खं अंग फिरवायचं, नुसता हात ओढायचा नाही. ओरडताना "वाचवा" म्हणण्यापेक्षा एकाला नेमकं हेरा, "ओ हिरव्या लुगड्यातल्या मावशी, याला ओळखता का?" मग माणूस हलतो. सरकारी शाळांमधलं राणी लक्ष्मीबाई आत्मरक्षा प्रशिक्षण तीन महिन्यांचं असतं. तेवढ्यात पकडी सुटायला लागतात, मात्र सराव थांबला की हात विसरतात. म्हणून जोडीदारीण शोधा. पहिल्याच दिवशी विटा फोडून दाखवणाऱ्या वर्गात पैसे भरू नका. आणि कोणी रोज मागं येत असेल तर तो हात धरेपर्यंत थांबू नका. पाठलाग हा न्याय संहितेच्या कलम ७८ खाली स्वतंत्र गुन्हा आहे. तातडीला ११२ लावा. तक्रार कुठल्याही ठाण्यात देता येते, हद्दीचं कारण सांगून परत पाठवता येत नाही.

त्या मुलीच्या वडिलांना मी शाळेत बोलावलं आणि तिचं मनगट धरायला सांगितलं. नांगर धरणारा हात तो. दोनदा सुटलं नाही. तिसऱ्यांदा तिनं कोपर घातलं, फिरली, आणि इतक्या जोरात ओरडली की शेजारच्या वर्गातून गुरुजी बाहेर आले. वडील बराच वेळ आपल्या हाताकडं बघत राहिले. मग विळा घेऊन गेले. त्याच आठवड्यात त्यांनी आणि धुऱ्याच्या शेजाऱ्यांनी पांदणीच्या वळणावर माजलेली बेशरमची झुडपं कापून काढली. आता शाळेच्या फाटकातून ते वळण दिसतं.