गोधडीच्या शिवणी सपाट कशा बसवायच्या

तुकडे जोडून केलेल्या गोधडीचा चौकोन तिरका आला की दोष बहुतेक वेळा कापणीला दिला जातो. आधी हे तपासा: साडेतीन इंचाचे दोन चौकोन पाव इंच माया (टिपेबाहेर सोडायची कड) धरून जोडा आणि पट्टी मोजा. ती साडेसहा इंच भरली पाहिजे. टीप बरोबर पाव इंचावर असूनही एक सूत (इंचाचा आठवा भाग) कमी भरली, तर तेवढं कापड शिवणीच्या घडीत अडकलंय. आठ चौकोनांच्या ओळीत सात शिवणी असतात, म्हणजे सात सूत, जवळजवळ एक इंच गेला. आडवी टीप मारून झाल्यावर हे सुधारता येत नाही, म्हणून प्रत्येक शिवण दुसरी तिला छेदण्याआधीच बसवायची.

कपड्यांवर आपण इस्त्री फिरवतो, तशी इथे फिरवायची नाही. टेकवा, दाबा, उचला, पुढे ठेवा. सरकवल्याने कापड ताणतं. उरेब, म्हणजे धाग्याला तिरक्या, कापलेल्या त्रिकोणांचं तर लगेच वाटोळं होतं, त्यांच्यावर वाफही नको.

क्रम असा. आधी पट्टी टीप मारली तशीच बंद ठेवून तीन-चार सेकंद दाबा; दोरा कापडात बसतो आणि टिपेजवळची बारीक चुणी निघते. मग गडद तुकडा वर येईल अशी पट्टी ठेवा, तो उलगडा, शिवणीवरून नख फिरवा आणि सुलट बाजूने इस्त्री टेकवा. माया आपोआप गडद तुकड्याखाली जाते आणि फिक्या कापडातून तिची सावली दिसत नाही. उलट बाजूने दाबलं, तर शिवणीत राहिलेली घडी नजरेतून सुटते.

यापुढची पायरी बरेच जण गाळतात, आणि खरा फरक तिनेच पडतो. इस्त्री उचलताक्षणी शिवणीवर लाकडी ठोकळा ठेवा आणि कापड गार होईपर्यंत, साधारण दहा ते पंधरा सेकंद, हलवू नका. सुती धागा गरम आणि ओलसर असताना वळतो आणि गार होताना त्याच आकारात बसतो. गरम पट्टी उचलली की शिवण पुन्हा फुगते. ठोकळा दहा इंच लांब, अडीच इंच रुंद, दीड इंच जाड पुरतो. लाकूड कठीण हवं आणि त्यावर पॉलिश अजिबात नको, कारण उघडं लाकूडच वाफ शोषून घेतं. पुण्यात भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये बीच लाकडाचा तुकडा मिळतो का ते विचारा. सागवान तेलकट, डाग पडू शकतो. कडा गोल करून बारीक पॉलिशपेपरने घासा, नाहीतर धागे ओढले जातील.

कपड्यांच्या इस्त्रीच्या स्टँडवरची फोमची गादी या कामाला मऊ पडते. १८ मिमी प्लायवर धुतलेली घोंगडी दुहेरी घालून वर धुतलेलं, न रंगवलेलं मांजरपाट ताणून ठोका. लोकर उष्णता धरून ठेवते, त्यामुळे शिवण खालूनही शेकते. सिंथेटिक ब्लँकेट वितळतं, ते नको. पाट जेवणाच्या टेबलावर ठेवणार असाल, तर काम झाल्यावर लगेच उचला. खाली ओल साचते.

इस्त्री साधी, जड असली तरी चालते. पाण्याचा बारीक फवारा मारला की पुरे. वाफेच्या इस्त्रीत बोअरचं किंवा टँकरचं पाणी घालू नका, क्षार छिद्रांत साचतात आणि नेमके फिक्या कापडावर डाग टाकतात. ब्लॉक प्रिंटचं गडद कापड असेल, तर आधी ओल्या पांढऱ्या फडक्याखाली दाबून रंग उतरतो का पाहा. रेशमी खणावर सुती फडकं घालून मंद आचेवर दाबा, नाहीतर मायेच्या कडा वर चमकतात.

माया एका बाजूला की उघडी? साध्या चौकोनांत एका बाजूलाच: एका ओळीतल्या माया डावीकडे, दुसरीतल्या उजवीकडे. जोडताना त्या एकमेकींत अडकतात आणि कोपरे जुळतात. चांदणीसारखी आठ टोकं एका जागी येतात तिथे माया उघडून दाबा, नाहीतर मध्ये गाठ तयार होते. मात्र टाका २ मिमीचा घ्या आणि नंतर अस्तरासकट धावदोरा घालताना थेट शिवणीत सुई घालू नका. तिथे खाली फक्त दोरे असतात.

झुळझुळीत कापडाला खळ हवीच, पण कापण्याआधी, कारण ओलं कापड आटतं. एक चमचा साबुदाणा दोन कप पाण्यात पारदर्शक होईपर्यंत शिजवून गाळा. पावसाळ्यात खळ दिलेलं कापड साठवू नका, बुरशी आणि कसर दोन्ही लागतात.

माया चुकीच्या बाजूला दाबली गेली, तर गरम इस्त्रीने तिला तशीच उलटी ढकलू नका, जुनी घडी राहते. पाण्याचा फवारा मारा, पट्टी पुन्हा बंद करून दाबा, ठोकळ्याखाली पूर्ण गार होऊ द्या आणि मगच दुसरीकडे वळवा.