व्हीपीएनवरून आलेली ऑर्डर: नाकारायची, थांबवायची की जाऊ द्यायची?

सिस्टिमने अडकवून ठेवलेल्या ऑर्डरी हाताने तपासणं हे माझं रोजचं काम. नवा दुकानदार आला की त्याच्या नियमांच्या यादीत एक ओळ हमखास सापडते: 'व्हीपीएन किंवा प्रॉक्सी आढळल्यास पेमेंट नाकारा.' (दोन्ही म्हणजे ग्राहकाचं इंटरनेट मधल्या एखाद्या सर्व्हरमधून फिरवणारी सोय; दुकानाला त्या सर्व्हरचाच पत्ता दिसतो.) नियम लिहायला सोपा, ऐकायला कडक. पण चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायचा याहून सोपा मार्ग मला माहीत नाही. ऑफिसच्या लॅपटॉपवरून खरेदी करणारा प्रामाणिक ग्राहक यात अडकतो, आणि चोरीच्या कार्डांचा धंदा करणारा आरामात निसटतो, कारण तो तुमच्या यादीत असलेला व्हीपीएन वापरतच नाही.

एरवी आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेट कनेक्शनचा आकडी पत्ता, आपल्याला एक साक्ष देत असतो: ग्राहक साधारण कुठून बोलतोय. व्हीपीएन किंवा प्रॉक्सी असला की ती साक्ष बाद होते. साक्षीदार उलटला म्हणून कुणी दोषी ठरत नाही. खटला बाकीच्या पुराव्यांवर चालवायचा. तो कसा चालवायचा, ते सांगते.

आधी तुमच्याकडे येणारा आयपी खरा आहे का बघा

ही पायरी सगळे गाळतात. तुमची साइट क्लाउडफ्लेअरसारख्या सीडीएनमागे (साइटची पानं ग्राहकाजवळच्या सर्व्हरवरून देणारी सेवा) किंवा लोड बॅलन्सरमागे (येणारी रहदारी अनेक सर्व्हरांत वाटणारं यंत्र) असेल, तर सर्व्हरला थेट दिसणारा पत्ता ग्राहकाचा नसतो, त्या मधल्या यंत्राचा असतो. तोच पुढे फ्रॉडच्या सिस्टिमकडे गेला, तर प्रत्येक ग्राहक डेटा सेंटरमध्ये बसलेला दिसतो. 'आमच्याकडे व्हीपीएनवाल्यांचा सुळसुळाट झालाय' अशी तक्रार आली की मी आधी हेच तपासायला सांगते.

ग्राहकाचा पत्ता 'एक्स-फॉरवर्डेड-फॉर' या हेडरमध्ये, म्हणजे विनंतीबरोबर येणाऱ्या माहितीच्या ओळीत, येतो. क्लाउडफ्लेअर 'सीएफ-कनेक्टिंग-आयपी' असा स्वतःचा हेडरही देतं. 'एक्स-फॉरवर्डेड-फॉर'मध्ये पत्त्यांची रांग असू शकते, आणि तिची डावी बाजू ग्राहकाकडून आलेली असते, म्हणजे तिथे कुणीही हवा तो पत्ता घुसडू शकतो. म्हणून उजवीकडून वाचत यायचं, आपल्या यंत्रणेचे पत्ते सोडत जायचं, आणि त्यानंतर भेटणारा पहिला पत्ता ग्राहकाचा धरायचा. लॉगमध्ये (सर्व्हरच्या नोंदवहीत) १९२.१६८ किंवा १० पासून सुरू होणारे पत्ते दिसत असतील तर तुम्ही स्वतःच्याच नेटवर्कचे पत्ते नोंदवताय. खात्री करायची तर फोनचं वायफाय बंद करा, मोबाइल डेटावर साइट उघडा आणि लॉगमधला पत्ता मोबाइल कंपनीच्या नावावर आहे का ते पाहा. नसेल तर पुढचं काही वाचण्याआधी हे दुरुस्त करून घ्या.

सिस्टिमला व्हीपीएन कळतो कसा

बहुतेक वेळा यादीवरून. प्रत्येक आयपी कुठल्या ना कुठल्या नेटवर्कच्या मालकीचा असतो. ते नेटवर्क घरगुती इंटरनेट देणाऱ्या कंपनीचं आहे, मोबाइल कंपनीचं आहे की सर्व्हर भाड्याने देणाऱ्याचं, हे उघड असतं. माणसं डेटा सेंटरमध्ये बसून खरेदी करत नाहीत, म्हणून तिथला पत्ता दिसला की शंका. टॉर या ओळख लपवणाऱ्या नेटवर्कमधून रहदारी बाहेर सोडणाऱ्या सर्व्हरांची यादी तर टॉर प्रोजेक्ट स्वतःच जाहीर करतं, त्यामुळे तिथे अंदाजाचा प्रश्नच नाही. आयपी पत्त्यांची माहिती विकणाऱ्या मॅक्समाइंडसारख्या कंपन्या याच माहितीतून व्हीपीएन, होस्टिंग, सार्वजनिक प्रॉक्सी, घरगुती प्रॉक्सी, टॉर असे वेगवेगळे शिक्के देतात. तुमच्या पेमेंट गेटवेमध्ये मात्र या सगळ्यांचा मिळून 'अनामिक आयपी' असा एकच शिक्का दिसत असेल, तर मूळ शिक्के मिळतात का ते विचारा. पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे.

यादीत नसलेलं कनेक्शन त्याच्या चालीवरून ओळखतात. व्हीपीएनचा बोगदा प्रत्येक पॅकेटमध्ये (माहितीच्या तुकड्यात) थोडी जागा खातो. साध्या इथरनेटवर पॅकेटची मर्यादा १५०० बाइट, तर वायरगार्ड या व्हीपीएन पद्धतीत ती सहसा १४२० असते, आणि हा फरक सर्व्हरच्या बाजूने दिसतो. मात्र काही साध्या कनेक्शनांवरही ही मर्यादा १५०० पेक्षा कमी असते, त्यामुळे एवढ्यावर कुणाला पकडू नका. प्रॉक्सीचं वेगळं. तिथे टीसीपी जोडणी (दोन यंत्रांमधला मूळ दुवा) प्रॉक्सीपाशी संपते, पण टीएलएसची (त्यावरच्या सांकेतिक कुलुपाची) बोलणी थेट ग्राहकाच्या ब्राउझरशी होतात. म्हणजे पहिलं उत्तर झटकन येतं आणि पुढचं रेंगाळत. ब्राउझर म्हणतो मी विंडोजवर आहे, पण पॅकेटची ठेवण लिनक्सची दिसते, हीसुद्धा प्रॉक्सीची खूण. कारण ती पॅकेट बनवणारं यंत्र ग्राहकाचं नाही. साध्या व्हीपीएनमध्ये हे दोन्ही फरक सहसा दिसत नाहीत. हे मोजमाप तुम्हाला स्वतः करायचं नाहीये, पण 'प्रॉक्सी असल्याची शक्यता ८० टक्के' असं विधान कुठल्या पोतडीतून निघतं ते ठाऊक असलेलं बरं.

सगळे एका माळेचे मणी नाहीत

ऑफिसचा व्हीपीएन सगळ्यात निरुपद्रवी. कर्मचारी कुठेही असो, त्याचं इंटरनेट मुख्यालयातून किंवा कंपनीने घेतलेल्या क्लाउड प्रॉक्सीमधून बाहेर पडतं. त्यामुळे देश चुकीचा दिसतो, कधी डेटा सेंटरचा शिक्काही बसतो. अशा ऑर्डरी कामाच्या दिवशी, कामाच्या वेळेत जास्त येतात.

ॲपलचं आयक्लाउड प्रायव्हेट रिले २०२१ पासून आहे आणि सफारीतली रहदारी दोन टप्प्यांतून फिरवतं. पण ते ग्राहकाचा देश बदलू देत नाही, आणि बाहेर पडणारे पत्ते त्यांच्या भूभागासकट ॲपल स्वतः प्रसिद्ध करतं. त्यामुळे देशापुरती साक्ष इथे शाबूत राहते. हे पत्ते वेगळे काढून त्यांना व्हीपीएनच्या नियमातून सूट द्या. एवढ्यानेच पुष्कळ आयफोनवाले सुटतात.

पैसे भरून घेतलेला नेहमीचा व्हीपीएन मधल्या फळीतला. खाजगीपणासाठी, सार्वजनिक वायफायच्या भीतीने किंवा नुसत्या सवयीने माणसं तो चोवीस तास चालू ठेवतात. टॉरवरून कार्डाने पैसे भरणारा प्रामाणिक माणूसही असतो, पण विरळा. तिथे मी कडकच वागते.

आता खरी डोकेदुखी: घरगुती प्रॉक्सी. इथे रहदारी एखाद्या साध्या घरच्या इंटरनेटमधून बाहेर पडते, आणि त्या घरातल्या माणसाला बहुधा पत्ताही नसतो. फुकट ॲपबरोबर आलेला एखादा तुकडा त्याच्या संगणकाला भाड्याने लावून मोकळा होतो. मे २०२४ मध्ये अमेरिकेच्या न्याय विभागाने '९११ एस५' नावाचं असं जाळं मोडून काढलं. त्यात १९० हून अधिक देशांतले १ कोटी ९० लाखांहून जास्त आयपी पत्ते होते, आणि ते जमवण्यासाठी मास्कव्हीपीएन, ड्यूव्हीपीएन अशा नावांची फुकट व्हीपीएन सॉफ्टवेअर वाटली गेली होती. चोरीचं कार्ड ज्या शहरातलं, त्याच शहरातलं घर निवडायचं आणि खरेदी करायची, अशी तिथली सोय. अशा ऑर्डरीत आयपीचा देश जुळतो, शहर जुळतं, नेटवर्क घरगुती असतं. तुमचा 'व्हीपीएन असल्यास नाकारा' हा नियम अशा ऑर्डरीला हसतमुखाने आत घेतो.

मोबाइल नेटवर्कबद्दल एक सूचना. मोबाइल कंपन्या एकाच आयपीव्ही४ (जुन्या, छोट्या प्रकारच्या) पत्त्यामागे असंख्य ग्राहक बसवतात. म्हणून 'एका आयपीवरून तासाला तीनच ऑर्डरी' असा नियम मोबाइल पत्त्यांना लावू नका. आयपीव्ही६ मध्ये (नव्या, लांब पत्त्यांत) उलटा प्रकार: एकाच ग्राहकाकडे अफाट पत्ते असतात, तिथे एकेक पत्ता न मोजता पत्त्याचे पहिले ६४ बिट, म्हणजे पहिला अर्धा भाग, धरून मोजा.

दोन ऑर्डरी शेजारी ठेवून

माझ्यासमोर येतात त्या धर्तीच्या दोन ऑर्डरी घेते, तपशील समजण्यासाठी बेतलेले.

पहिलीवर लाल शिक्का: आयपी नेदरलँड्समधल्या डेटा सेंटरचा, ओळखीच्या व्हीपीएनचा. कार्ड जर्मन बँकेचं. कार्डाच्या सुरुवातीच्या सहा, आता आठ, आकड्यांवरून ते कळतं. आयपीचा देश आणि कार्डाचा देश जुळत नाही, म्हणून सिस्टिमने दिलेले धोक्याचे गुण आणखी वाढलेले. आता ब्राउझर बघू. भाषा जर्मन. टाइम झोन 'युरोप/बर्लिन'. इथे एक बारकावा आहे: ३-डी सिक्युअरमधून (पैसे भरताना बँकेकडून होणारी ग्राहकाची पडताळणी) कार्ड देणाऱ्या बँकेकडे टाइम झोन जातो तो फक्त मिनिटांच्या फरकाच्या रूपात, आणि बर्लिन व ॲमस्टरडॅमची मिनिटं सारखीच. त्यामुळे नुसत्या मिनिटांवरून इथे काही उलगडत नाही. ब्राउझरकडून झोनचं नाव घेतलं तरच ग्राहक खरं म्हणजे जर्मनीचं घड्याळ लावून बसलाय हे दिसतं. खातं दोन वर्षं जुनं, डिलिव्हरीचा पत्ता आधी वापरलेला, उपकरण ओळखीचं. व्हीपीएन काढून टाकला तर या ऑर्डरीत संशय घेण्यासारखं काहीच उरत नाही. जाऊ द्या.

दुसरीवर एकही शिक्का नाही. आयपी घरगुती, शहर बिलिंगच्या पत्त्याशी जुळणारं, टाइम झोन बरोबर, भाषा बरोबर. पण खातं नुकतंच उघडलेलं. त्याच उपकरणावरून आधी दोन वेगळ्या नावांची कार्डं नाकारली गेलेली, दर वेळी आयपी नवा, पण तोही घरगुतीच. टीसीपीचं उत्तर तत्काळ आणि टीएलएसचं फार उशिरा. वस्तू लगेच विकता येण्यासारखी, डिलिव्हरी सर्वांत जलद. टाइम झोन जुळतोय याचं मला इथे काही वाटत नाही. या धंद्यातले ब्राउझर आयपीप्रमाणे घड्याळ आपोआप बदलून घेतात. ही थांबवायची.

म्हणजे प्रत्येक ऑर्डरीला विचारायचा प्रश्न एकच: आयपीची साक्ष बाजूला ठेवली तर उरलेल्या गोष्टी एकमेकींशी जुळतात का? कार्डाचा देश, डिलिव्हरीचा पत्ता, ब्राउझरचं घड्याळ, उपकरणाचा इतिहास, खात्याचं वय. यातल्या दोन गोष्टी एकमेकींना खोडून काढत असतील, तर ते व्हीपीएनच्या शिक्क्यापेक्षा कितीतरी वजनदार.

नियम कसे लिहायचे

व्हीपीएनवर थेट 'नाकारा' लिहू नका. तो नेहमी दुसऱ्या कशाशी तरी जोडा. व्हीपीएन आणि नवं खातं आणि मोठी रक्कम: ३-डी सिक्युअर मागा. ग्राहकाने बँकेची पडताळणी पार केली, तर फ्रॉडच्या चार्जबॅकचा (कार्डधारकाच्या तक्रारीवरून दुकानाकडून परत घेतलेल्या पैशांचा) भार बहुतेक वेळा कार्ड देणाऱ्या बँकेकडे जातो, आणि खऱ्या ग्राहकाला फक्त एक पायरी जास्त पडते. व्हीपीएन आणि जुनं खातं आणि ओळखीचं उपकरण: काहीच करू नका. टॉर: ३-डी सिक्युअर सक्तीचं, आणि ते जमलं नाही तर नकार. घरगुती प्रॉक्सीचा शिक्का आणि उपकरणावर एकाहून अधिक कार्डं: पैसे वळते करू नका, हाताने तपासा.

कार्ड टेस्टिंगसाठी वेगळा विचार लागतो. चोरीच्या कार्डांचा गठ्ठा घेऊन बॉट छोट्या छोट्या रकमा मारत राहतो, कुठलं कार्ड चालू आहे ते बघायला. प्रत्येक प्रयत्नाला आयपी बदलतो, म्हणून आयपीवर मोजणी करून काही हाती लागत नाही. मोजा ते उपकरणावर, ईमेलच्या साच्यावर, कार्डाच्या सुरुवातीच्या आकड्यांवर. एकाच बँकेच्या एकाच प्रकारच्या कार्डांचे नकार अचानक वाढले, की समजा.

नवा नियम पहिल्याच दिवशी चालू करू नका. आधी फक्त नोंद करू द्या: हा नियम चालू असता तर कुठल्या ऑर्डरी अडल्या असत्या? त्या नोंदी ठेवून द्या, कारण चार्जबॅक यायला महिने लागू शकतात, आणि त्याआधी काढलेला कुठलाही निष्कर्ष कच्चा. मग बघा, नियमात सापडलेल्यांपैकी चार्जबॅक कितींवर आला आणि बिनतक्रार वस्तू घेणारे किती. दुसरा आकडा बघायची तसदी फार थोडे लोक घेतात.

अडकलेल्या ग्राहकाला काय सांगायचं

नकाराच्या पानावर 'पेमेंट अयशस्वी' एवढंच लिहिलं की प्रामाणिक माणूस तेच बटण पुन्हा पुन्हा दाबतो, मग दुसरं कार्ड काढतो, मग तिसरं. एका उपकरणावर तीन कार्डं, सगळी नाकारलेली: मघाच्या दुसऱ्या ऑर्डरीचंच चित्र त्याने स्वतःच्या हाताने तयार केलेलं असतं. म्हणून व्हीपीएनमुळे अडलेल्याला सरळ सांगा: व्हीपीएन बंद करा, थोडं थांबा, त्याच कार्डाने एकदाच प्रयत्न करा, ऑफिसचा लॅपटॉप असेल तर फोनवरून करा. चोराला यातून नवीन काही कळत नाही, त्याला हे आधीच ठाऊक असतं. कुठल्या गुणांवर आणि कुठल्या नियमाने अडवलं ते मात्र पानावर लिहू नका, आणि सपोर्टवाल्यांनाही फोनवर सांगू देऊ नका. त्यांच्या हाती फक्त ऑर्डर नंबर आणि 'तपासायला पाठवा' हे बटण असू द्या.