लॅबमध्ये शिरायचं कसं? जळगावकडचा अनुभव

विद्यापीठातल्या केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये पहिल्या दिवशी माझ्या हातात आला तो ब्रश, आणि समोर टबभर घाण ग्लासवेअर. पीएचडी करणारे एक दादा म्हणाले, "आधी साबण, मग पाणी, शेवटी ॲसिटोन. आणि ॲसिटोन जपून, फुकट नाही येत." मी एमएस्सीच्या पहिल्या वर्षाला होतो. निदान एखादी रिॲक्शन तरी लावायला देतील असं वाटलं होतं. आठवडाभर नुसती भांडी. घरी सांगितलं तर आई म्हणाली, "भांडीच घासायची होती तं घरी काय कमी होती?"

पण त्या आठवड्यात बरंच कळलं. फ्लास्कच्या तळाशी डांबरासारखं काही चिकटलेलं दिसलं की समजायचं, कालची रिॲक्शन बिघडली. ती कशी बिघडली हे ज्याचा फ्लास्क असेल तो आपणहून सांगतो, कारण त्याला ते कुणाला तरी सांगायचंच असतं. फुकटची शिकवणी. प्रोजेक्टसाठी कुठल्या सरांकडे जावं असं मला ज्युनियर विचारतात, तेव्हा मी विषयाआधी एवढंच बघायला सांगतो: त्या लॅबमधली मुलं एकमेकांशी बोलतात का? विषय सहा महिन्यांत आवडायला लागतो, मुकी लॅब मात्र शेवटपर्यंत मुकीच राहते.

नव्यांसाठी थोडी माहिती. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांचं आपलं विद्यापीठ १९९० साली पुणे विद्यापीठातून वेगळं झालं, आणि २०१८ पासून त्याला कवयित्री बहिणाबाई चौधरींचं नाव आहे. कॅम्पस बांभोरीजवळ, गिरणेच्या काठाला. एमएस्सी केमिस्ट्री तिथे आहे तशी संलग्न कॉलेजांतही आहे, त्यामुळे अमळनेर-चोपड्याच्या पोराने संशोधनासाठी जळगावलाच खोली केली पाहिजे असं काही नाही. नव्या धोरणाच्या अभ्यासक्रमात शोधप्रकल्पाला श्रेयांक आहेत, म्हणजे प्रोजेक्ट सगळ्यांनाच करावा लागतो. तो नुसता उरकायचा की खरंच करायचा, हे ज्याच्या त्याच्या हातात.

माझा प्रोजेक्ट केळीच्या राखेवर होता. आमचं घर यावल तालुक्यातलं. घड कापला की खोड बांधावर पडून राहतं. माझ्या डोक्यात आलं, राखेत पोटॅशियम भरपूर, पाण्यात कालवली तर अल्कली मिळेल, मग अभिक्रियेला लागतो तो बेस, म्हणजे अल्कलीच, बाजारातून विकत कशाला घ्यायचा? सरांना सांगताना मी इतका खूश होतो की बसायलाही विसरलो. सरांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "कोलाखार माहीत आहे?" नव्हता माहीत. आसाममध्ये केळीच्या सालीची राख पाण्यात गाळून तो क्षार पिढ्यान्‌पिढ्या जेवणात वापरतात, आणि त्या पाण्यावर दोन सेंद्रिय रेणू जोडणाऱ्या सुझुकी कपलिंगसारख्या अभिक्रिया करून लोकांचे शोधनिबंधही छापून झालेत. माझा चेहरा उतरला. सर म्हणाले, "आता हे सगळं वाच, आणि त्यांनी काय केलं नाही ते सांग." लिटरेचर सर्च म्हणतात तो हाच. आधी तीन आठवडे वाचन, मग राख. उलट केलंत तर वर्ष जातं.

राखेचाही एक किस्सा आहे. खोडात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी असतं हे पुस्तकात वाचणं वेगळं. वडिलांनी मोटारसायकलवर बांधून दिलेलं भलंमोठं खोड वाळवून जाळलं तेव्हा हाती आली ती फक्त ओंजळभर राख. पण काम झालं. राखेच्या गाळलेल्या पाण्यात बेन्झाल्डिहाइड आणि मॅलोनोनायट्राइल ही दोन सेंद्रिय रसायनं ढवळली की थोड्या वेळात पांढरा घन पदार्थ खाली बसायचा. शुद्ध झाला की त्याचा मेल्टिंग पॉइंट ८३-८४ अंश. पहिल्यांदा मी तो पदार्थ वाफा बाहेर ओढणाऱ्या फ्यूम हूडच्या बाहेर, उघड्या काट्यावर तोलला आणि तासभर डोळे चोळत बसलो. अश्रुधुरात वापरतात तो सीएस हा याचाच क्लोरिनवाला भाऊ, हे मला नंतर कळलं. पदार्थ हातात घेण्याआधी त्याचं सेफ्टी शीट वाचायचं, ही सवय मला डोळ्यांनी लावली.

आपल्याकडच्या उन्हाचं कुठल्याच प्रॅक्टिकलच्या पुस्तकात लिहिलेलं नसतं. लॅबमधले नेहमीचे सॉल्व्हंट, म्हणजे पदार्थ विरघळवायचे द्रव घ्या: डायइथाइल ईथर ३४.६ अंशांना उकळतं, डायक्लोरोमीथेन ४० अंशांच्या आसपास. मे महिन्यात जळगावचा पारा ४४ च्या पुढे जातो. म्हणजे दुपारी ईथरची बाटली उघडणं हाच एक प्रयोग. डायक्लोरोमीथेनवर कॉलम (मिश्रणातले पदार्थ वेगळे करायची सिलिका भरलेली नळी) लावला तर सिलिकात बुडबुडे येऊन भेगा पडतात, आणि दोन दिवसांची मेहनत एकाच पट्ट्यात मिसळून खाली उतरते. त्यामुळे उन्हाळ्यात कॉलम सकाळी सहाला लावायचा. वाफ थंड करणाऱ्या कंडेन्सरला नळाचं पाणी चालत नाही, गच्चीवरच्या टाकीतून ते चहासारखं गरम येतं. टबात बर्फाचं पाणी आणि त्यात कूलरचा छोटा पंप, की रिफ्लक्स, म्हणजे वाफ थंड करून परत खाली पाडत उकळवणं, बिनघोर चालतो. घरचा कूलर बंद पडला तर पंप कुठे गेला हे घरच्यांना बरोबर कळतं.

आता शिकवण्याचं. पीएचडीला लागल्यावर माझ्याकडे बीएस्सीची प्रॅक्टिकल आली. वीस मुलं, दहा ब्युरेट (द्रावण मोजून सोडायच्या खुणांच्या नळ्या). विषय टायट्रेशन, म्हणजे एका द्रावणात दुसरं थेंबाथेंबाने सोडून प्रमाण मोजणं. मला वाटलं, टायट्रेशन काय, डोळे मिटून घेऊ. पोटॅशियम परमँगनेट आणि ऑक्झॅलिक ॲसिड, मिश्रण ६०-७० अंशांपर्यंत गरम करा, कायमचा फिका गुलाबी रंग आला की थांबा. फळ्यावर लिहून मोकळा झालो. शेवटच्या बेंचवरची धुळ्याकडची एक मुलगी म्हणाली, "सर, हाई गरम कसाले करानं?" वर्ग हसला, तिच्या अहिराणीला. मी हसलो नाही, कारण मला उत्तर येत नव्हतं. 'रिॲक्शन फास्ट होते' असं काहीतरी पुटपुटलो आणि रात्री पुस्तक काढून बसलो.

उत्तर सुंदर आहे. थंडीत ही अभिक्रिया फार हळू चालते. पहिले थेंब गुलाबीच राहतात. मग परमँगनेटपासूनच थोडं मँगनीज(दोन) तयार झालं की तेच पुढच्या अभिक्रियेला ढकलतं, आणि रंग पटापट जायला लागतो. स्वतःच्याच उत्पादनाने वेग घेणारी अभिक्रिया. गार मिश्रणात घाई केली तर तपकिरी मँगनीज डायऑक्साइड दिसतो, आणि उकळवलं तर ऑक्झॅलिक ॲसिडच फुटायला लागतं. मिश्रणात घालायचं आम्ल सल्फ्युरिकच का? कारण हायड्रोक्लोरिकमधल्या क्लोराइडलाही परमँगनेट खातं. पुढच्या बॅचला मी हे सगळं सांगितलं, आधी प्रमाण मराठीत आणि मग जमेल तसं अहिराणीत. हसणारी पोरं त्या दिवशी गप्प होती. एमएस्सीत दोन वर्षं मी हेच टायट्रेशन पाठ केलं होतं, समजलं ते शिकवायला उभा राहिल्यावर. म्हणून प्रॅक्टिकल घ्यायची संधी आली की टाळू नका. 'माझ्या रिसर्चचा वेळ जातो' म्हणणारे भेटतील, त्यांना वायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत बघा.

परीक्षा आणि पैशांचं थोडक्यात. सहायक प्राध्यापक व्हायचं तर २०२३ च्या यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) बदलानंतर नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा किमान अट आहे, पीएचडी ऐच्छिक. आपल्याकडची सेट सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं. सीएसआयआर-नेटमधून जेआरएफ, म्हणजे संशोधनाची फेलोशिप मिळाली तर महिना ३७,००० रुपये, वर घरभाडं. बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्याही पीएचडी फेलोशिप असतात, आपण कुठे बसतो ते जाहिरात निघाली की लगेच बघायचं. शिकवण्यात रस नसेल तर अंकलेश्वर-वापीच्या केमिकल कारखान्यांकडे जाणारी गाडी आपल्याच स्टेशनवरून सुटते, त्यात कमीपणा काही नाही. प्रोजेक्ट मनापासून केलेला पोरगा तिथल्या क्वालिटी कंट्रोललाही लगेच ओळखू येतो.

एक संधी मात्र पोरं उगाच सोडतात. देशातल्या तीन विज्ञान अकादमी, म्हणजे बंगळूर, दिल्ली आणि प्रयागराजच्या, मिळून दरवर्षी उन्हाळी संशोधन फेलोशिप देतात. दोन महिने मोठ्या संस्थेत काम, वर विद्यावेतन. अर्ज पावसाळा सरता सरता सुरू होतात, त्यामुळे एप्रिलमध्ये जागं होऊन उपयोग नाही. अर्जात काय करायचंय ते लिहावं लागतं, आणि तिथे सगळे 'मला संशोधनाची आवड आहे' लिहितात. आमच्या एका ज्युनियरने तिच्या गावच्या चार विहिरींचं पाणी ईडीटीए या कडकपणा मोजायच्या रसायनाने टायट्रेट करून कोणत्या विहिरीत कडकपणा किती, आणि उन्हाळ्यात तो का वाढत असेल, एवढंच लिहिलं होतं. तिला मिळाली.

सरांना भेटायचं तर प्रवेशाच्या आणि परीक्षेच्या गडबडीत जाऊ नका. लॅब नुसती बघायची असेल तर दुपारी चारनंतर जा. तेव्हा कुणाचा तरी कॉलम उतरत असतो, त्याला बेंच सोडून हलता येत नाही आणि बोलायला कुणीतरी हवंच असतं. ॲप्रन स्वतःचा न्या, बंद बूट घाला. टीएलसी प्लेटवर (मिश्रणात काय काय आहे ते बघायच्या छोट्या पट्टीवर) रेघ मारायला सांगितली तर पेन्सिलने मारा. मी पेनने मारली होती, आणि सॉल्व्हंटबरोबर वर चढलेल्या शाईलाच प्रॉडक्ट समजून सरांना दाखवायला घेऊन गेलो होतो.