रिलेशनल डेटाबेस प्रशासक कसे व्हावे: दूध संस्थेच्या एका डेटाबेसवर केलेला अभ्यास

कोल्हापूर जिल्ह्यातील बहुतेक गावांत सकाळ-संध्याकाळ दूध संस्थेच्या दारात किटल्यांची रांग लागते. दूध मोजले जाते, फॅट काढली जाते, उत्पादकाच्या हाती पावती पडते आणि दहा दिवसांनी त्याच नोंदींच्या आधारे बिल जमा होते. या नोंदी हरवू नयेत, चुकीच्या हाताने बदलल्या जाऊ नयेत आणि हव्या त्या क्षणी मिळाव्यात, याची जबाबदारी ज्याच्यावर असते तो डेटाबेस प्रशासक. कोणता कोर्स लावू, असे विद्यार्थी मला विचारतात तेव्हा मी त्यांना आधी एक डेटाबेस स्वतः उभारायला, तो स्वतः मोडायला आणि पुन्हा उभा करायला सांगतो. त्यासाठी दूध संस्थेचाच नमुना घ्यावा, कारण त्यातील व्यवहार आपल्याला लहानपणापासून माहीत असतो. पुढील क्रम त्या नमुन्यावरच बेतलेला आहे.

पहिले काम साधन निवडण्याचे, आणि त्यावर फार दिवस घालवू नयेत. १९७० साली आयबीएमच्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेतील एडगर कॉड यांनी असा विचार मांडला की माहिती टेबलांच्या रूपात ठेवावी आणि ती डिस्कवर कोठे व कशी साठवली आहे हे वापरणाऱ्याला ठाऊक असण्याची गरज पडू नये. याच पद्धतीला रिलेशनल म्हणतात. त्याच विचारावर तेथे पुढे जी भाषा तयार झाली ती आज एसक्यूएल म्हणून ओळखली जाते, आणि १९८६ साली अमेरिकेत तिचे प्रमाणीकरण झाले. ओरॅकल, एसक्यूएल सर्व्हर, मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेएसक्यूएल या साऱ्या डेटाबेस प्रणालींचा पाया एकच असल्यामुळे एक नीट आले की दुसरे काही आठवड्यांत जमते. सुरुवात पोस्टग्रेएसक्यूएलपासून करावी असे माझे मत आहे, कारण ते मोफत आहे आणि त्याचे अधिकृत दस्तऐवज पाठ्यपुस्तकासारखे वाचता येतात. ८ जीबी मेमरीचा जुना लॅपटॉप पुरतो. त्यावर व्हर्च्युअल मशीन, म्हणजे संगणकाच्या आत चालणारा आभासी संगणक, घेऊन उबुंटू लिनक्स बसवावे. फाइलींचे हक्क, चालू प्रक्रिया, डिस्कवरील मोकळी जागा आणि लॉग पाहण्याचे आदेश हाताला वळण लागेपर्यंत रोज वापरावेत, कारण डेटाबेस बंद पडल्याच्या तक्रारींपैकी कितीतरी शेवटी डिस्क भरल्याच्या निघतात.

दुसरी पायरी रचनेची आहे आणि तिला किमान महिना द्यावा. संगणक बाजूला ठेवून आधी कागद घ्यावा. उत्पादक, संकलन, दर आणि बिल अशी चार टेबले सहज सुचतील. प्रत्येक उत्पादकाला क्रमांक द्यावा, म्हणजे प्रत्येक नोंद वेगळी ओळखणारी प्रायमरी की तयार होईल. संकलनाच्या टेबलात त्याचे नाव पुन्हा न लिहिता फक्त तो क्रमांक ठेवावा आणि फॉरेन कीने, म्हणजे दुसऱ्या टेबलातील क्रमांकाशी बांधणाऱ्या अटीने, जोडावा, म्हणजे ज्याच्या नावावर दुधाच्या नोंदी आहेत असा उत्पादक कोणालाही चुकून पुसता येणार नाही. एकच नोंद दोनदा होऊ नये म्हणून उत्पादक, तारीख आणि सकाळ किंवा संध्याकाळ या तिन्हींवर मिळून युनिक अट घालावीशी वाटेल. येथे मात्र थांबून विचार करावा. ज्याच्या गोठ्यात गाय आणि म्हैस दोन्ही आहेत त्याचे दूध एकाच वेळी दोनदा मोजले जाते, म्हणून त्या अटीत दुधाचा प्रकारही यायला हवा. अशी चूक पुस्तकातून कळत नाही. काउंटरजवळ तासभर उभे राहिल्यावर ती लक्षात येते. दराचेही तसेच आहे. दर बदलला की जुना आकडा खोडून नवा लिहिला, तर मागील बिले पुन्हा काढताना सारीच चुकतील, म्हणून प्रत्येक दरापुढे तो कोणत्या तारखेपासून लागू आहे हे ठेवावे. रकमेसाठी आणि फॅटसाठी न्यूमेरिक हा प्रकार वापरावा, कारण फ्लोट या अंदाजे आकडे ठेवणाऱ्या प्रकारात ०.१ आणि ०.२ यांची बेरीज नेमकी ०.३ येत नाही आणि हिशेबात पैशाचाही फरक उत्पादकाच्या लक्षात येतो.

त्यानंतर एसक्यूएल. सिलेक्ट, जॉइन, ग्रुप बाय आणि विंडो फंक्शन या क्रमाने जावे, आणि प्रत्येक प्रश्न खरा असावा: या दहा दिवसांत कोणाचे दूध मागील दहा दिवसांपेक्षा कमी आले, कोणाची फॅट अचानक घसरली. ट्रॅन्झॅक्शन, म्हणजे एकत्रच पक्के किंवा एकत्रच रद्द होणारे बदल, समजण्यासाठी दोन खिडक्या शेजारी शेजारी उघडाव्यात. एकीत ट्रॅन्झॅक्शन सुरू करून एका नोंदीचे लिटर बदलावेत आणि कमिट न करता, म्हणजे बदल पक्का न करता, तसेच सोडावे. दुसरीत तीच नोंद बदलण्याचा आदेश द्यावा. दुसरी खिडकी थांबून राहील, आणि ती कोणामुळे थांबली हे चालू सत्रांच्या यादीतून शोधून काढणे हा प्रशासकाच्या रोजच्या कामाचा पहिला खरा धडा ठरेल.

वेगाचा अभ्यास थोड्या नोंदींवर होत नाही. ५०० उत्पादक, दिवसाला २ वेळा, ३ वर्षे असा हिशेब धरला तर सुमारे ११ लाख नोंदी होतात, आणि जनरेट सीरीज या फंक्शनने त्या काही क्षणांत तयार करता येतात. एका उत्पादकाच्या नोंदी शोधणारी क्वेरी, म्हणजे एसक्यूएलमधील प्रश्न, एक्सप्लेन अॅनलाइझ लावून चालवावी, ती कशी चालली हे सांगणाऱ्या उत्तरात सीक्वेन्शिअल स्कॅन, म्हणजे सारे टेबल सुरुवातीपासून वाचणे, दिसल्यास इंडेक्स, म्हणजे पुस्तकाच्या सूचीसारखी शोधसूची, बनवावा आणि तीच क्वेरी पुन्हा चालवून दोन्ही वेळी किती वेळ लागला ते वहीत लिहावे. प्रत्येक इंडेक्समुळे नवी नोंद घालण्याचे काम थोडे वाढते, म्हणून दिसेल त्या कॉलमवर इंडेक्स बनवण्याची सवय लावून घेऊ नये. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये बदललेल्या नोंदीची जुनी प्रत काही काळ तशीच पडून राहते आणि व्हॅक्यूम ती जागा मोकळी करते, हेही याच टप्प्यावर समजून घ्यावे.

आता बॅकअप. माझ्या पहिल्या नोकरीत बॅकअप रोज रात्री होत असे आणि तो पूर्ण झाल्याचा ईमेलही येत असे. ज्या दिवशी डिस्क बिघडली त्या दिवशी कळले की बॅकअपची जागा भरून गेल्यामुळे सात आठवडे फाइल अर्धवटच लिहिली जात होती. स्क्रिप्ट केवळ शेवटच्या आदेशाचा निकाल तपासत असे, आणि शेवटचा आदेश ईमेल पाठवण्याचा होता. कागदी पावत्यांवरून नोंदी पुन्हा भरताना ज्या लोकांनी रात्री जागवल्या, त्यांच्यासमोर उभे राहणे मला आजही आठवते. म्हणून मी विद्यार्थ्यांना परत परत सांगतो की रिस्टोअर करून, म्हणजे प्रतीवरून डेटाबेस पुन्हा उभा करून, पाहिलेला नाही त्या बॅकअपला बॅकअप म्हणू नये.

सराव असा करावा. प्रथम पीजी डंप या साधनाने प्रत काढावी, दुसऱ्या व्हर्च्युअल मशीनवर ती रिस्टोअर करावी आणि दोन्हीकडील नोंदींची संख्या व लिटरची बेरीज जुळवून पाहावी. या पद्धतीने आपण फक्त प्रत काढल्याच्या वेळेपर्यंत मागे जाऊ शकतो, म्हणजे रात्री दोनला प्रत काढली आणि दुपारी घात झाला तर सकाळचे सारे संकलन गेले. ती उणीव भरून काढण्यासाठी राइट अहेड लॉग समजून घ्यावा. पोस्टग्रेएसक्यूएल प्रत्येक बदल टेबलाच्या फाइलीत उतरवण्याआधी या लॉगमध्ये लिहिते, त्यामुळे एक मूळ प्रत आणि तिच्यानंतरचे सर्व लॉग हाती असतील तर मधल्या हव्या त्या मिनिटापर्यंत डेटाबेस परत आणता येतो. आर्काइव्ह मोड चालू करून लॉग वेगळ्या जागी साठवावेत, पीजी बेसबॅकअपने मूळ प्रत घ्यावी, आणि समजा सकाळी १० वाजून ४० मिनिटांनी, वेअर, म्हणजे कोणत्या नोंदी हे सांगणारी अट, न लावता संकलनाच्या टेबलावर डिलीट चालवावे. पोटात गोळा येईल, आणि तो एकदा स्वतःच्या लॅपटॉपवर यावा हेच बरे. मग रिकव्हरीची वेळ १० वाजून ३९ मिनिटे देऊन डेटाबेस उभा करावा. हे एकदा जमले की पंधरवड्याने पुन्हा करावे, दर वेळी किती मिनिटे लागली ते लिहावे, आणि तो आकडा खाली येईपर्यंत पुढच्या विषयाकडे वळू नये.

प्रत कोठे ठेवावी हे कोल्हापुरात वेगळे शिकवण्याची गरज पडू नये. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेचे पाणी शहरातील वस्त्यांत शिरले. तळमजल्यावरचा सर्व्हर आणि त्याच कपाटातील बॅकअपची डिस्क अशा वेळी एकत्रच बुडतात. माहितीच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांपैकी एक दुसऱ्या ठिकाणी, हा नियम येथे शब्दशः पाळावा.

सुरक्षेचा भाग थोडक्यात सांगता येतो. काउंटरवरील लेखनिकाला नोंद घालता यावी पण पुसता येऊ नये, सचिवाला सर्व पाहता यावे, आणि प्रोग्रॅमसाठी सर्व अधिकार असलेले सुपरयूजरचे खाते कधीही वापरू नये. हे सारे अधिकार देणाऱ्या ग्रँट आणि काढून घेणाऱ्या रिव्होक या दोन आदेशांनी होते. उत्पादकांचे बँक खाते क्रमांक आपल्या हाती असतात, आणि २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमाने अशी माहिती बाळगणाऱ्यावर वाजवी सुरक्षा उपाय योजण्याचे कर्तव्य घातले आहे. पोस्टग्रेएसक्यूएल ज्यावर जोडण्या स्वीकारते तो ५४३२ हा पोर्ट इंटरनेटवर उघडा ठेवू नये.

एवढे झाल्यावर राखीव (स्टँडबाय) सर्व्हरवर प्रत्येक बदलाची नक्कल करणारे रेप्लिकेशन, शेल स्क्रिप्ट आणि क्लाउडवरील डेटाबेस सेवा यांकडे वळावे. मात्र रेप्लिकेशनला बॅकअप समजू नये, कारण चुकीचे डिलीट स्टँडबायवरही काही क्षणांत पोहोचते. प्रमाणपत्राची परीक्षा शुल्क भरण्याजोगी स्थिती असेल तेव्हा द्यावी. ती नसल्याने सुरुवात अडत नाही.

कामाची सुरुवात बहुधा सपोर्टच्या पाळीतून होते, आणि अनेक जण त्यासाठी पुणे गाठतात. त्याआधी उद्यमनगर, शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एखाद्या कारखान्यात, पतसंस्थेत किंवा रुग्णालयात जाऊन, त्यांच्या बॅकअपची प्रत मी वेगळ्या संगणकावर रिस्टोअर करून दाखवू का, असे लेखी परवानगी घेऊन विचारावे. मुलाखतीला जाताना रिस्टोअरच्या सरावाची वही बरोबर न्यावी: तारीख, काय मोडले, कोणत्या मिनिटापर्यंत परत आणले, किती वेळ लागला आणि बेरीज जुळली की नाही.